बुजऱ्या आणि अडेल घोड्याला बक्षीस देऊन शिकवताना

घोडा अडला, बुजला किंवा अंगावर आला की तबेल्यात पहिला शेरा ठरलेला असतो: नखरे करतोय. मग कोणीतरी चाबूक आणतं, घोडा तेवढ्यापुरता पुढे सरकतो आणि सगळ्यांची खात्री पटते की औषध बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तो आणखी लवकर अडतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक ‘वाईट’ घोडे घाबरलेले होते, नाहीतर त्यांना काहीतरी दुखत होतं. ते ‘नको’ म्हणत होते आणि साध्या भाषेत म्हटलेलं ‘नको’ कोणी ऐकत नव्हतं, म्हणून शेवटी लाथेने सांगत होते. हा लेख त्या ‘नको’ला कान देऊन शिकवण्याविषयी आहे.

मुंबईत असे घोडे येतात कुठून? बरेचसे रेसकोर्सवरून. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा साधारण 2 वर्षांचा असताना शर्यतीत उतरतो आणि 5-6 वर्षांचा होईपर्यंत अनेकांची कारकीर्द संपते. घोड्याचं आयुष्य मात्र 25 ते 30 वर्षांचं. मग तो रायडिंग स्कूलमध्ये जातो, कर्जत-अलिबागकडच्या एखाद्या फार्मवर जातो किंवा हौसेने घोडा घेणाऱ्या कुटुंबाकडे येतो. काही घोडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून येतात, मारवाडी आणि काठेवाडी. त्यांतल्या काहींना वरातीत नाचायला शिकवलेलं असतं आणि ते शिकवणं बहुधा हळुवार नसतं. काटेरी लगामाच्या खुणा तोंडाच्या कोपऱ्यात पाहिल्या आहेत मी. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत काटेरी लगामाला स्पष्ट बंदी आहे, तरी तो अजून विकला जातो.

आधी दुखणं तपासा

शिकवणीचा पहिला धडा सुरू करण्याआधी पशुवैद्याला बोलवा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणारा घोडा तापट असेलच असं नाही, त्याच्या पोटात व्रण असू शकतात. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो. मोकळ्यावर तो दिवसातले 14 ते 18 तास चरतो आणि ते आम्ल लाळेने व चाऱ्याने सौम्य होत राहतं. आपल्याकडे त्याला दोन-तीन वेळा चंदी (दाणा) मिळते, थोडी वैरण मिळते आणि मधले कितीतरी तास तो रिकाम्या पोटी उभा असतो. शर्यतीच्या घोड्यांमध्ये पोटाचे व्रण फार मोठ्या प्रमाणावर सापडतात. त्यामुळे चंदी बेताची आणि वैरण भरपूर, तीही बारीक भोकांच्या जाळीत टांगलेली, म्हणजे हळूहळू पुरते. नुसत्या एवढ्याने महिनाभरात निवळलेले घोडे आहेत.

दात बघा. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात, दाढांच्या कडा धारदार होतात आणि गालाला आतून कापतात. लगाम खेचला की तो मान उडवतो, ती त्याचीच तक्रार असते. वर्षातून एकदा तरी दात तपासून कानशीने घासून घ्यायला हवेत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं सरकवत न्या; एखाद्या जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली दबली तर खोगीर बदलायची वेळ आली आहे. खूर दर 5-6 आठवड्यांनी नालबंदाकडून करून घ्या. पावसाळ्यात ओल्या ठाणात (घोडा बांधायच्या जागेत) खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग सडतो, काळा पडतो, त्याला उग्र वास येतो. अशा पायाने घोडा दगडी फरशीवर यायला नकार देत असेल तर तो शहाणा आहे.

ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या वागण्यातली 24 लक्षणं मांडली आहेत: कान मागे पडणं, शेपूट झाडणं, तोंड वारंवार उघडणं, डोळ्यांत तणाव दिसणं, पुन्हापुन्हा अडखळणं वगैरे. त्यांतली 8 किंवा जास्त दिसली तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची दाट शक्यता असते. मोबाइलवर स्वारीचा व्हिडिओ काढून सावकाश पाहिला तर यातलं बरंच डोळ्यांना दिसतं. परळला बाई साकरबाई हे प्राण्यांचं रुग्णालय आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. पण घोड्यांचा खास अनुभव असलेला डॉक्टर मिळाला तर तोच बघा.

आणखी एक गोष्ट या शहरात हमखास राहून जाते. दिवसाचे 22-23 तास अरुंद ठाणात उभं राहणारा, शेजारच्या घोड्याला नाकही लावू न शकणारा प्राणी शांत कसा राहील? मोकळी जागा नसेल तर सकाळ-संध्याकाळ हातात धरून चालवा, एखाद्या गरीब स्वभावाच्या घोड्याशेजारी ठाण द्या. हे केल्याशिवाय पुढचं सगळं अर्धंच लागू पडेल.

घोडा काय म्हणतोय

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंश दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा पट्टा मात्र आंधळा असतो. म्हणून समोरून एकदम कपाळावर हात न्यायचा नाही, खांद्याच्या बाजूने यायचं, येताना बोलत यायचं. निळा आणि पिवळा हे रंग त्याला ठळक दिसतात, लाल-हिरवा मिसळून जातात. पावसाळ्यात मुंबईभर पसरणारी निळी ताडपत्री त्याच्या नजरेत किती भडक असेल याचा अंदाज यावरून करा. उजेडातून अंधारात जाताना त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश जुळवून घेतात. काळोख्या ठाणाच्या किंवा घोडे वाहून नेणाऱ्या गाडीच्या दाराशी तो थबकतो तेव्हा त्याला आत खरंच काही दिसत नसतं. अर्धा मिनिट थांबा. आत दिवा लावा. अनेकदा तेवढंच पुरतं.

भीती पायरीपायरीने चढते. आधी एक कान वळून स्थिर होतो. मग चघळणं थांबतं. मान वर जाते, नाकपुड्या ताणतात, डोळ्यावरची कातडी आवळून त्रिकोणी सुरकुती पडते, हनुवटी घट्ट होते. त्यानंतर वजन मागच्या पायांवर जातं. बुजणं, उधळणं, लाथा झाडणं हे सगळं याच्याही पुढचं. तुम्ही चघळणं थांबल्याच्या क्षणाला ओळखायला शिकलात की निम्मी विद्या हातात आली, कारण तिथे दोन पावलं मागे घेता येतात.

शिवाय भीती साचते. सकाळी ठाणाच्या पत्र्यावर माकड उड्या मारून गेलं, नंतर नालबंद येऊन गेला, मग डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. संध्याकाळी साधी बादली पडल्यावर तो उधळतो आणि आपण म्हणतो, एवढ्याशा बादलीला घाबरला. अशा दिवशी धडा घेऊ नका. हात फिरवा, वैरण द्या, घरी जा.

आणि तोही तुम्हाला वाचत असतो. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा खुराने टापा देऊन गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 साली दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची, अंगाची नकळत होणारी हालचाल तो टिपत होता. तुम्ही श्वास रोखलात, दोर घट्ट धरलात, की तुमच्या घोड्याला ते कळलेलं असतं. दीर्घ उच्छ्वास सोडा, खांदे सैल करा. त्याला आवाज करून धीर देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

बक्षीस कशाचं आणि कसं

गाजराचे उभे पातळ काप, मूठभर लसूणघासाचे तुकडे, भिजवलेल्या हरभऱ्याचे चार-पाच दाणे. गोल जाड चकत्या नकोत, घशात अडकतात. गूळ सगळ्या घोड्यांना आवडतो, पण तो नखाएवढाच द्यावा. लठ्ठ किंवा खुरांचा दाह होऊन गेलेल्या घोड्याला मुळीच देऊ नये. त्याच्यासाठी वैरणीच्या काड्याच बऱ्या. एका वेळी द्यायचा घास इतका लहान असावा की दोनदा चावून संपेल.

खाजवणं हेही बक्षीस आहे. मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते त्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी 1993 साली मोजून दाखवलं. आपण मात्र प्रेमाने मानेवर थापा मारतो. बहुतेक घोड्यांना थापेचं काही कौतुक नसतं.

घाबरलेल्या घोड्यासाठी सगळ्यात मोठं बक्षीस तिसरंच असतं: भीतीच्या गोष्टीपासून लांब जायला मिळणं. हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येतं.

पहिला धडा: खुणेचा आवाज

घोड्याने बरोबर काही केलं आणि तुम्ही खिशातून गाजर काढेपर्यंत तीन सेकंद गेले, तर तेवढ्यात त्याने मान वळवलेली असते, पाय उचललेला असतो. बक्षीस नेमकं कशाचं ते त्याला कळत नाही. म्हणून मध्ये एक आवाज हवा, जो त्या क्षणावर बोट ठेवेल. ही युक्ती प्राण्यांच्या शिकवणीत डॉल्फिनच्या तलावांतून पसरली. डॉल्फिनला दोर लावता येत नाही, नको वाटलं तर तो पोहून निघून जातो, त्यामुळे शिकवणाऱ्याला दुसरा मार्गच नव्हता.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात क्लिकर नावाची छोटी डबी मिळते. ती नसेल तर एक आखूड शब्द ठरवा. मी ‘बेस’ म्हणते. ‘शाब्बास’ आणि ‘हां’ नकोत, तबेल्यात दिवसभर तेच चालू असतं. जिभेची टचकारीही नको, कारण तिचा अर्थ घोड्याला आधीच ‘चल’ असा शिकवलेला असतो.

घोडा ठाणात, तुम्ही अर्ध्या दाराच्या बाहेर. हे अंतर सुरुवातीला हवंच, कारण खाऊ दिसला की काही घोडे खिशात तोंड घालतात, चावतात. कमरेला पिशवी बांधा. ‘बेस’ म्हणा, मग पिशवीत हात घाला, मग घास द्या. क्रम हाच. आधी हात हलला तर घोडा हाताकडे बघायला शिकतो आणि शब्दाला अर्थ उरत नाही. घास सपाट तळव्यावर, अंगठा मिटलेला. त्याला स्वतःच्या ओठांपुढचं दिसत नाही, तो ओठांनी चाचपून घेतो, म्हणून बोटं वर राहिली की चावली जातात.

थोड्या वेळाने तो पिशवी हुंगू लागेल, दाराला धडका देईल. ओरडू नका, नाकावर मारू नका, स्तब्ध उभे राहा. कधी ना कधी तो कंटाळून तोंड दुसरीकडे वळवेल. त्याच क्षणी ‘बेस’, आणि घास त्याच्या छातीसमोर, तुमच्यापासून लांब, हात लांबवून. दोन-तीन दिवसांत त्याला उमगतं की तोंड बाजूला ठेवलं की खाऊ मिळतो. लोक म्हणतात हाताने खाऊ दिला की घोडा चावरा होतो. खाऊ केव्हा द्यायचा याचा नियम नसला तर होतो. नियम असला तर उलट अदब शिकतो. हा धडा पक्का झाल्याशिवाय दाराच्या आत जाऊन खाऊचं काम करू नका.

वेळ 5 ते 10 मिनिटं, दिवसातून फार तर दोनदा. सकाळी ऊन तापण्याआधी सगळ्यात बरं. मुंबईच्या दमट हवेत घोड्याचा घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तर दुपारी काही शिकवायला जाऊच नये. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

दुसरा धडा: काठीच्या टोकाला नाक

हातभर काठीच्या टोकाला चेंडू नाहीतर रिकामी प्लास्टिकची बाटली बांधा. घोड्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरा. तो कुतूहलाने हुंगेल, नाक लागताच ‘बेस’ आणि घास. काठी त्याच्या तोंडाकडे न्यायची नाही, त्याने यायचं. जमलं की थोडी डावीकडे, थोडी खाली, मग एक पाऊल पुढे. चाबकाचा मार खाल्लेल्या घोड्याला काठीच भीतीची वाटते. त्याच्यासाठी काठी सोडा आणि दाराला टांगलेला बाटलीचा तुकडा किंवा जमिनीवर ठेवलेला रस्त्यावरचा नारिंगी शंकू वापरा.

हा खेळ वाटतो, पण पुढची सगळी कामं याच्यावर उभी राहतात. काठीमागे चालणारा घोडा न ओढता दारातून आत जातो, गाडीत चढतो, तराजूवर उभा राहतो. नाक खाली धरायला शिकवलं की मान खाली राहते आणि मान खाली असलेला घोडा सहसा सैलावलेला असतो. मुख्य म्हणजे त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्या करण्याने काहीतरी चांगलं घडतं. आजवर त्याच्या बाबतीत सगळं नुसतं घडत आलेलं असतं.

ताडपत्री

आता भीतीचं काम. एका कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडीचं उदाहरण देते, तिला मैना म्हणू. रेसकोर्सवरून आलेली, अंगाने देखणी, पावसाळ्याच्या तोंडावर तबेल्यावर ताडपत्री चढली की त्या बाजूने पाऊल टाकायला तयार नसायची.

मोकळ्या पटांगणात एक मदतनीस घडी केलेली ताडपत्री घेऊन लांब उभा राहिला. मैना आली, थांबली, दोन्ही कान तिकडे रोखले. मी गाजर पुढे केलं, तिने ओठही हलवले नाहीत. खाणं नाकारणारा घोडा शिकण्याच्या पलीकडे गेलेला असतो, त्यामुळे तिथे काही शिकवायचं नव्हतं. आम्ही मागे फिरलो, ती चालता चालता फुरफुरली, मान खाली आली, गाजर घेतलं. ते अंतर आमची सुरुवात.

तिथून ती ताडपत्रीकडे बघायची, मी ‘बेस’ म्हणायचे, ती माझ्याकडे वळून घास घ्यायची. बघणं एवढंच काम. पाच-सात वेळा झाल्यावर ती बघून स्वतःच माझ्याकडे वळू लागली. मग मदतनीस ताडपत्री घेऊन आमच्यापासून दूर चालू लागला आणि आम्ही मागे. ही यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट: अंगावर येणाऱ्या वस्तूला घोडा भितो, पळणाऱ्या वस्तूचा मात्र पाठलाग करावासा त्याला वाटतो. मैनाचं अंतर आपोआप कमी झालं. प्रत्येक वेळी ती दोन-चार पावलं पुढे गेली की ‘बेस’, घास आणि लगेच मागे फिरायचं. खाऊही मिळतो आणि लांबही जायला मिळतं, अशी दुहेरी कमाई.

त्या दिवशी तिथेच थांबलो. पुढच्या खेपांना ताडपत्री जमिनीवर आली, मग थोडी उलगडली. एकदा मैनाने मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून, वरच्या ओठाने तिची कड चाचपली आणि चटकन मान मागे घेतली. दोर सैल होता, कोणी धरून ठेवलं नाही. काही क्षणांत ती स्वतः परत आली. मला या पद्धतीवर विश्वास ठेवायला लावणारं काही असेल तर हे: जिला जायची मोकळीक आहे ती परत येते.

नंतर सळसळ, मग वाऱ्यावर हलवणं, मग डोक्यावर टांगलेली. प्रत्येक पायरीला आधीचं अंतर थोडं वाढवून सुरुवात. आणि डाव्या बाजूने जमलेलं सगळं उजव्या बाजूने पुन्हा, जवळजवळ पहिल्यापासून. हे विसरलं की लोक म्हणतात, काल तर नीट गेला होता याच्या शेजारून!

घोड्याला खांबाला बांधून त्याच्यासमोर ताडपत्री फडकवत राहायचं, तो दमून उभा राहीपर्यंत, ही पद्धत अजून चालते. तो उभा राहतो खरा. पण डोळे थिजलेले, तोंड आवळलेलं, खायला नकार. त्याने हार मानलेली असते, भीती तशीच असते, आणि एखाद्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर फुटते. शिवाय बांधलेला घोडा घाबरला तर मागे झेप घेऊन मान मोडून घेऊ शकतो. भीतीचं काम नेहमी हातात लांब दोर धरून, दोर हाताला कधीही न गुंडाळता, पायात जाड बूट आणि डोक्यावर हेल्मेट घालून करा. खांद्याशी उभे राहा आणि तो जिकडे पळू शकेल ती वाट मोकळी ठेवा. लहान मुलं आसपास नकोत.

कान, इंजेक्शन, खूर

मोहरकी (तोंडावर चढवायचा पट्टा) घालताना कानाला हात लावू न देणारा घोडा अगदी नेहमीचा. आधी कानात गोचीड, जखम आहे का ते बघून घ्या. मग बाटली दाराला टांगा. तिला नाक लावून उभं राहणं म्हणजे त्याची परवानगी. नाक लागलेलं असताना तुमचा हात मानेवर जातो, ‘बेस’, घास. मग थोडा वर. नाक काढलं की हात त्याच क्षणी खाली, न रागावता. पुन्हा नाक लावायचं की नाही ते तो ठरवेल.

सुरुवातीला वाटतं, असं केलं तर तो सारखं नाकच काढेल. दोन-तीन दिवस काढतोही. आपलं ‘नको’ दरवेळी मानलं जातंय अशी खात्री पटली की मग उलट जास्त वेळ उभा राहतो. कानामागे बोट, मग कान हातात, मग कानावरून पट्टा.

इंजेक्शनसाठी हेच: बोटाने टोचल्यासारखं, मग कातडीची चिमूट, मग स्पिरिटचा बोळा, कारण वासानेच अनेक घोडे बिथरतात, मग सुई नसलेली सिरिंज. घोड्यांना धनुर्वात चटकन होतो, लस चुकवून चालत नाही, त्यामुळे डॉक्टर यायच्या आधी महिनाभर हा सराव करून ठेवा. खुरांचं काम नालबंद यायच्या वेळी शिकवू नका. आधीच्या आठवड्यांत रोज थोडं: पाय हलका केला, ‘बेस’, दोन क्षण उचलला, ‘बेस’. पाय आपणहून, सावकाश खाली ठेवायचा, हातातून सोडून द्यायचा नाही.

खरी तातडी आली, पोटशूळ झाला, जखम वाहतेय, तर हे सगळं बाजूला. डॉक्टर गुंगीचं औषध देतील ते द्यावं. कसंबसं धरून करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

शर्यतीच्या घोड्यावर बसताना

रेसकोर्सवर जॉकीला बहुतेक वेळा चालत्या घोड्यावर, पायाला हात देऊन वर चढवतात. त्यामुळे चढताना स्तब्ध उभं राहायचं असतं हे या घोड्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तो चालू पडतो, तुम्ही लगाम खेचता, आणि त्याच्या शिकवणीत ताणलेला लगाम म्हणजे टेकून पुढे पळायचं. दोघंही आपापल्या परीने बरोबर, आणि अपघात ठरलेला.

चढायच्या ओट्याशी नाक-बाटलीचा खेळ घ्या. तुम्ही ओट्यावर उभे, तो शेजारी थांबला, ‘बेस’. पाठीवर हात, खोगिरावर कोपराचं वजन, रिकिबीत पाय आणि परत खाली. हलला तर उतरून पुन्हा सुरुवात, चिडायचं नाही. शेवटी बसल्यावर पहिला घास बसूनच, मान वळवून द्या. मग तो बसल्यावर निघण्याऐवजी मान वळवून वाट बघतो. तंग तीन-चार टप्प्यांत आवळा, मध्ये थोडं चालवा. या घोड्यांची सगळी हाताळणी डाव्या बाजूने झालेली असते, उजवी बाजू वेगळी शिकवावी लागते.

बाहेर नेताना पहिले काही दिवस शांत घोडा सोबत असू द्या. तो पुढे, तुमचा मागे. गाडी, ट्रक यांच्या शेजारून जायचं असेल तर तो शांत घोडा तुमच्या घोड्याच्या आणि ट्रकच्या मध्ये.

एक खुलासा. मोहरकीचा दोर म्हणजेही दाबच असतो, आणि दाब देऊन लगेच सोडणं ही शिकवणीची जुनी, चालणारी रीत आहे. मी ती टाकून दिलेली नाही. फक्त दाब बोटभर असावा, प्रतिसाद मिळताच सुटावा, आणि त्यासोबत घासही मिळावा.

सईस आणि बाकीची माणसं

घोड्याजवळ तुम्ही तासभर असता, सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारी माणसं, दिवसभर. त्यांना न विचारता, वरून नियम सांगितले तर काही टिकणार नाही. पिढ्यानपिढ्या घोड्यात वाढलेली माणसं आहेत ती, कोणता घोडा रात्री कसा उभा असतो ते त्यांना माहीत असतं. आमच्या तबेल्यातले चाचा पहिल्यांदा मैनाचा खेळ बघून म्हणाले, “गाजर संपलं की काय करणार?” प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की एखादी गोष्ट अंगवळणी पडली की घास दरवेळी द्यावा लागत नाही. कधी खाजवणं, कधी नुसती विश्रांती चालते. नवी किंवा भीतीची गोष्ट असेल तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नये. चाचांना मी बादलीचं काम सोपवलं: घोडी मागे सरकून उभी राहिली तरच चंदीची बादली आत. आठवडाभरात दारावर लाथा मारणं थांबलं, आणि मग ते स्वतः इतरांना शिकवू लागले.

शब्द सगळ्यांचा एकच असावा. आणि पाहुण्यांनी, मुलांनी येताजाता घोड्याला हाताने बिस्किटं देणं बंद. दारावर पाटी लावा.

ढोल, फटाके आणि पत्र्यावरचा पाऊस

माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला 33 हजारांच्या आसपास. आपल्याला न जाणवणाऱ्या कर्कश किणकिणाटाने तो बेचैन होऊ शकतो. आवाजाची तयारी गणपतीच्या आठवड्यात करता येत नाही, ती मे-जूनमध्ये सुरू करावी लागते. ढोल-ताशाचं आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग स्पीकरवर इतकं बारीक लावा की तो कान वळवून पुन्हा खायला लागेल. आवाज सुरू झाला की लसूणघास येतो, थांबला की लसूणघासही थांबतो, असा क्रम ठेवा. आवाज काही दिवसांनी किंचित वाढवा, स्पीकरची जागा बदला, फक्त एकाच वेळी दोन्ही बदलू नका. खाणं थांबलं तर तुम्ही फार पुढे गेलात.

दिवाळीच्या रात्रींसाठी शिकवणी नाही, बंदोबस्त करा. संध्याकाळी लवकर फिरवून आणा, अंधार पडायच्या आत ठाणात. रस्त्याकडची खिडकी झाका पण हवा खेळती ठेवा, आत दिवा चालू ठेवा म्हणजे बाहेरचे चमकारे कमी जाणवतात, वैरणीच्या दोन जाळ्या टांगा, ओळखीचा घोडा शेजारी आणि ओळखीचा माणूस तबेल्यात असू द्या. भिंतीतले खिळे, लटकते दोर आधीच काढून टाका. फार घाबरणाऱ्या घोड्यासाठी डॉक्टरांशी आठवडाभर आधी बोला. ऐनवेळी दिलेलं गुंगीचं औषध घाबरून गेलेल्या घोड्यावर नीट चालत नाही. त्यानंतरचे दोन-तीन दिवस नवं काही शिकवू नका. दाराच्या बाहेर उभं राहून काठी-बाटलीचा ओळखीचा खेळ घ्या, तोही त्याने नाक पुढे केलं तरच.